एकाच धातूची शिडी

मित्रांनो, अनुसयाबाईंच्या खुराड्यावर ही जी शिडी आडवी टाकली आहे ना, ती मी. अंगावर कोंबड्यांची घाण वाळली आहे, तिच्याकडे पाहू नका. एके काळी तळेगावात माणसं मला बघायला मुद्दाम विहिरीवर येत.

ते साल अठ्ठ्याहत्तर. किसनरावांच्या विहिरीत खोल खाली, खडकाच्या कपारीवर विजेचा पंप बसवला होता. रोज कोणीतरी उतरून त्यात पाणी भरल्याशिवाय तो चालू होत नसे. उतरणारा म्हणजे त्यांचा सालदार तानबा, या अनुसयाबाईंचा नवरा. जुनी लोखंडी शिडी ओलीनं गंजली होती आणि एकट्याला हलतही नसे. म्हणून किसनराव वर्ध्याला भैयाजींच्या दुकानात आले. मी तेव्हा तिथे नुसते दोन लांब पाइप होते.

भैयाजींनी ॲल्युमिनियमच्या दोन जाती त्यांच्यापुढे टाकल्या. "हा नरम, भांड्याच्या जातीचा. पायजे तसा वाकते, पण रोज माणसाचं वजन नाही झेलायचा. हा दुसरा कडक. वजनाले हाच घ्या. पण किसनराव, याले इस्तो दाखवू नका. तापला का याचा सारा जोर गेला. वर अडकवाचे आकडे लोखंडाचे करा न् बोल्टनं कसा."

किसनरावांनी कडक जात घेतली. बरोबरच घेतली, आजही म्हणते. पायऱ्या दुकानातच रिबिटांनी बसल्या. फक्त ते लोखंडी आकडे त्यांना पटेनात. चकचकीत शिडीला काळे आकडे म्हणजे नव्या धोतराला ठिगळ, असं त्यांना वाटलं. "अख्खी एकाच धातूची पायजे," ते म्हणाले. आकडे करण्यासाठी माझी वरची टोकं लांब ठेवून घेतली आणि मला एसटीच्या टपावर बांधून गावी आणलं.

गावचे लोहार रामाजी. त्यांचा हात लोखंडात मुरलेला होता, पण माझ्या जातीशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. उरलेला एक तुकडा त्यांनी थंडच वाकवून पाहिला, तर तो तडकला. तेव्हा त्यांनी विचारलं, "मालक, याले इस्तो चालते ना?"

किसनराव म्हणाले, "चालते."

अहो, भैयाजींचे शब्द याच माणसाच्या कानावर पडले होते! एवढं कसं विसरतं कोणी? की विसरलेच नव्हते? मला अजून कळलेलं नाही.

माझी टोकं भट्टीत गेली. लोखंड लाल होऊन लोहाराला सांगतं, की बस कर आता. आम्ही लाल होत नाही. आम्ही मुकाट्यानं नरम होतो. रामाजी लाली दिसायची वाट पाहत भाता मारत राहिले. मग आकडे वळवले आणि विळ्याला, कुऱ्हाडीला देतात तसं मला पाणी दिलं. पाण्यानं पोलाद कडक होतं. माझा गेलेला जोर काही परत आला नाही.

पुढची तीन वर्षं मी मिरवले. विहिरीच्या तोंडावरच्या आडव्या लोखंडी रुळाला माझे आकडे अडकवलेले असत. तानबा उतरताना माझ्या पायरीवर हात ठेवून कपाळाला लावायचा. तेव्हा मला माझीच लाज वाटे, कारण आकडे हळूहळू उघडत होते. त्यालाही ते दिसलं.

"मालक, आकडा उघडून राह्यला. लोखंडाचे लावून घ्या न बाप्पा."

"वर्धेले गेलो का पाहू," किसनराव म्हणायचे. ते वर्ध्याला जायचे, आणि यायचेही. तानबा मग दगडानं ठोकून आकडा बंद करायचा. प्रत्येक ठोक्याला तिथलं अंग आणखी खंगत होतं.

एक्क्याऐंशीच्या वैशाखात पाणी तळाला गेलं होतं. तानबा अर्ध्यावर असताना एक आकडा सरळ झाला, आणि लगेच दुसराही. आम्ही दोघं खडकावर पडलो. माझ्या पायऱ्यांना पोचासुद्धा आला नाही. तानबाची कंबर मोडली.

दवाखान्यात न्यायला बाज मिळेना, म्हणून लोकांनी त्याला माझ्यावरच गोधडी टाकून निजवलं. चौघांच्या खांद्यावर मी सडकेपर्यंत गेले आणि तसूभर वाकले नाही. एसटी यायच्या आधीच तो गेला. त्याला घेऊन मी या अंगणात आले. त्यानंतर मला परत न्यायला किसनरावांकडून कोणी फिरकलं नाही.

गावानं रामाजींना दोष दिला. तेराव्यानंतर ते इथे आले. माझा आकडा त्यांनी हातानं दाबला, तो वाकला. खालचा पाइप दाबला, तो हलेना.

"अनुसयाबाई, माह्या इस्तवानं मारलं त्याले. मले कोणी सांगतलं नाई वो."

अनुसयाबाईंनी त्यांना पाणी दिलं. "कोणाले मालूमच नसन, रामाजीभाऊ," त्या म्हणाल्या.

मालूम होतं! मी इथे खुराड्यावर पडून ओरडले असते, पण शिडीला तोंड नसतं.

मित्रांनो, तुम्हाला आहे. धातू निवडताना चुकलात तर बदलता येतो. पण कोणी सावध केलं असेल, तर ते पुढच्या हाताला सांगा. अनुसयाबाई अजूनही किसनरावांच्याच शेतात निंदायला जातात, आणि ते भेटले की पदर सावरून रामराम करतात.