शंकासुराचा छर्रा

सासऱ्यांना तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण पाठीमागे सगळं गणगोत त्यांना शंकासुर म्हणे, आणि त्यात कुणाचं काही चुकत होतं असंही नाही. दूध नासलंय का हे ते आधी वास घेऊन पाहत, मग चमचाभर उकळून पाहत, आणि मग शेजाऱ्यांकडचं दूध कसं आहे त्याची चौकशी करत. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीबद्दल औषधवाल्याला विचारायचं आणि औषधवाला काय म्हणाला ते डॉक्टरांना कळवायचं, हा तर नेम. हयात सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलेली. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी आठवण म्हणून चाकातला एक पोलादी छर्रा तेवढा उचलला, वाटाण्याएवढा. तो कायम खिशात असे.

घर विकत घ्यायचं ठरलं आणि हा छर्रा पुन्हा कामाला लागला. फरशीवर ठेवायचा, घरंगळला की घर बाद. बरं, छर्रा थांबला म्हणून सुटका होई असंही नाही. एका घराचा नळ शिट्टी वाजवत होता म्हणून ते गेलं. एक घरमालक बोलताना डोळ्याला डोळा देत नव्हता म्हणून त्याचं घर गेलं, आणि दुसरा फारच डोळ्याला डोळा देत होता म्हणून त्याचंही.

या सगळ्यात सुनेच्या नाकी नऊ आले होते. तिचा व्यवसाय कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि ती भाड्याच्या दोन खोल्यांत, ओट्याच्या एका टोकाला, त्यांच्यावरून दात घडवत बसे. घरात पांढरी भुकटी दिसली की ती साखर, मीठ की प्लास्टर हे चाटूनच ठरवावं लागे आणि ती हिंमत फक्त नवऱ्यात होती. फ्रिजवर तयार कवळ्या ओळीने हसत बसलेल्या असत. पाहुण्यांना चहा देताना आधी त्यांच्यावर फडकं टाकावं लागे. ओट्यापाशी वाकून वाकून तिची पाठ धरली होती. खरं सांगायचं तर तिला घर नकोच होतं. तिला एक खोली हवी होती, उजेडाची आणि दार लावता येईल अशी.

ती खोली तिला एका रविवारी सापडली. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत सगळी घरं एका चेहऱ्याची, झाडं अजून काठीला बांधलेली. नव्या फरशीवर डाग नकोत म्हणून विक्रीवाल्या बाईंनी चपला दाराबाहेर काढायला लावल्या. घराच्या मागच्या बाजूला ती खोली होती. मोठी खिडकी, सावली न पाडणारा शांत उजेड, कोपऱ्यात चक्क हात धुवायचं बेसिन. सून दारातच थबकली. इथे टेबल, इथे साच्यांची फळी, इथे घासायचं यंत्र, असं तिने उभ्या उभ्या मनातल्या मनात सामान लावूनही टाकलं.

"छान आहे की," नवरा म्हणाला. पण त्याच्या म्हणण्याला अर्थ नव्हता. हॉटेलात थंड चहा आला तरी तो हेच म्हणे.

सासरे बाहेरच्या खोलीपासून सुरू झाले. भिंतीला कान लावून टकटक केली, खिडक्या उघडून मिटल्या. गुडघे वाकत नसल्यामुळे छर्रा ठेवायचं काम सुनेचं. ती ठेवी आणि ते चष्मा कपाळावर सारून, काठीवर भार देऊन डोळ्यांत तेल घालून बघत. मग म्हणत, "आता जरा इकडे ठेव." बाहेरच्या खोलीत छर्रा थांबला. स्वयंपाकघरातही थांबला. सुनेचा जीव भांड्यात पडत होता.

मागच्या खोलीत ती पुढे गेली, कारण सासरे बोळात विक्रीवाल्या बाईंना सांडपाणी कुठे जातं ते विचारत होते आणि बाईंना ते सांगता येत नव्हतं. तिने छर्रा खाली ठेवला. क्षणभर तो होता तिथे राहिला. मग हलला. हळूच, कुणाला कळू नये अशा बेताने, बेसिनच्या कोपऱ्याकडे निघाला आणि निघाल्यावर वेग धरू लागला.

तिने त्याच्यावर पाय ठेवला.

असं का केलं ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाय तिच्या आधी गेला होता. अनवाणी तळव्याखाली छर्रा गार लागत होता.

"काय म्हणतोय?" बोळातून सासऱ्यांनी विचारलं.

"थांबलाय, बाबा."

आता ते येतील, पुन्हा ठेव म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. एका परीने तिला ते हवंही होतं. ते आले. दारात उभं राहून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उजेड चांगला आहे," ते म्हणाले. "तुझं टेबल इथे येईल." आणि मागे वळून बाईंना म्हणाले, "आम्हाला पसंत आहे."

नवऱ्याने आ वासला. ज्या माणसाने शेजारच्या कुत्र्याचा आवाज आवडला नाही म्हणून एक घर सोडलं होतं, तो माणूस हे बोलत होता. सगळे बाहेरच्या खोलीत गेल्यावर सुनेने छर्रा उचलला आणि पर्समध्ये टाकला. मग राहवेना म्हणून ती त्या कोपऱ्यात गेली. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे एक पांढरी रेघ होती, फट बुजवल्यासारखी, अगदी सफाईदार. तिने बोट लावलं. ओलसर, गार. घरं कधीची बांधून तयार आहेत असं बाई सांगत होत्या, आणि हे प्लास्टर तर कालपरवाचं होतं. प्लास्टरच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नव्हतं. तरीही बोट पुसून ती बाहेरच्या खोलीत सगळ्यांत जाऊन उभी राहिली.

घरी येऊन सासऱ्यांनी साऱ्या नातेवाइकांना फोन केले. "सुनेला स्वतंत्र खोली," हे प्रत्येकाला सांगून झालं. दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचा होता. संध्याकाळी ते तिच्या ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले, खालची कवळी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "डावीकडे जरा टोचतीय बघ."

ती कवळी तिनेच केलेली होती. ती घासू लागली. सासरे तोंडाचं अर्धं बोळकं मिटून बसले. एरवीचा त्यांचा खाष्ट चेहरा दात काढल्यावर तान्ह्या बाळासारखा दिसे.

"बाबा," यंत्र बंद करून ती म्हणाली, "त्या मागच्या खोलीत तुम्ही स्वतः का नाही पाहिलंत?"

"तू पाहिलंस की."

"एरवी छर्रा मी ठेवते आणि बघता तुम्ही."

"ते परक्यांसाठी गं. ती तुझी खोली. तुझ्याइतकं बारकाईनं तिथं कोण बघणार?" ते बोळक्या तोंडाने हसले. "ही कवळी तू दिलीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही दिवस मऊ खा. मी त्याच दिवशी बदाम फोडला. म्हटलं, सुनेनं केलीय. बघायचं काय त्यात?"

तिने पर्स ओढली, छर्रा काढला आणि ओट्यावर ठेवला.

"तो थांबला नव्हता, बाबा. मी त्याच्यावर पाय ठेवला होता. कोपऱ्यात ओलं प्लास्टरही होतं. मला खोली हवी होती हो."

एवढं बोलून ती रडली. खोलीसाठी रडली की लाजेने, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने छर्रा दिला.

"हे नव्हे. दात दे."

तिने कवळी धुऊन दिली. त्यांनी ती दिव्याजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली, कडेवरून बोट फिरवलं आणि मगच तोंडात घातली. इतक्या दिवसांत तिच्या हातची कवळी त्यांनी तपासून घेतली ती ही पहिलीच वेळ. ते चार शब्द ओरडले असते तर तिला इतकं लागलं नसतं.

"आपला इंजिनियर आणू," ते नवऱ्याला म्हणाले. "त्यांचा नको."

इंजिनियर म्हणून आल्या त्या एक कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी मापं घेतली, बाहेर भिंतीलगत खणून पाहिलं, शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन दारं लावून बघितली. शेजारच्या काकू आनंदाने सांगत होत्या की त्यांचं मागचं दार दर थोड्या दिवसांनी सुताराकडून तासून घ्यावं लागतं, नव्या लाकडाचं असं व्हायचंच. घराचा पुढचा भाग पक्क्या जमिनीवर होता. मागे पूर्वी खड्डा होता. तो मातीने भरलेला, पण दाबून बसवलेला नव्हता, आणि पायाची ती बाजू खचत होती.

"किती बसलाय पाया?" नवऱ्याने विचारलं.

"बसलाय नाही, बसतोय," बाई म्हणाल्या. "अजून थांबलेला नाही. राहायला आल्यावर भिंत तडकेल."

विक्रीवाल्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. बिचारीने याच वसाहतीत स्वतःसाठी घर ठरवलं होतं.

घर सुटलं. सासऱ्यांनी सुनेला एका शब्दाने टोचलं नाही. पण तिने चहा दिला की ते आता कपाचा वास घेत. तिने दार लावलं की उठून कडी बघून येत. पूर्वी तिच्या हातचं ते कधीच तपासत नसत, हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं. ती गुमान ओट्याच्या टोकाला काम करत राही आणि तिचं मन तिला खात राही.

पावसाळा सरल्यावर सगळे पुन्हा एक घर बघायला गेले. जुनं, लहान, पण मागे एक खोली होती. बेसिन नव्हतं, खिडकी मात्र होती आणि तिच्यातून त्या आधीच्या खोलीसारखाच शांत उजेड येत होता. सुनेने मनात सामान लावायचं नाही असं ठरवलं होतं, तरी टेबल लागलंच.

सासऱ्यांनी खिशातून छर्रा काढून तिच्या हातावर ठेवला. चष्मा कपाळावर सारला नाही. काठी टेकत ते खिडकीपाशी गेले आणि खोलीकडे पाठ करून बाहेर बघत उभे राहिले.

"ठेव," ते म्हणाले.

ती गुडघ्यांवर बसली. छर्रा ठेवला, हात मागे घेतला.

"काय म्हणतोय?"

"दाराकडे निघालाय, बाबा. हळू, पण निघालाय."

"बरं," सासरे म्हणाले. ते वळले नाहीत. "मग त्या इंजिनियरबाईंना फोन कर, काय म्हणतायत बघू." आणि त्यांनी दुसऱ्या खिशातून एक बदाम काढून दातांखाली कटकन फोडला.