आपल्याकडचं रक्त

शीर हाताला लागायची आणि निसटायची. वडिलांचा हात टेबलावर थरथरत होता आणि सुई घेऊन समोर बसली होती त्यांचीच मुलगी.

"बाबा, हात जरा स्थिर ठेवा."

"तो माझं ऐकत असता तर इथं आलो असतो का? तूच धर त्याला."

रुग्णालयात सगळे तिला सुईवाली सिस्टर म्हणत. तान्ह्या बाळांच्या, म्हाताऱ्यांच्या, कुणालाच न सापडणाऱ्या शिरा तिला सापडत. आज मात्र दोनदा टोचावं लागलं. वडिलांना कंपवात होता. त्यांची थोरली बहीण त्याच दुखण्यात गेली होती. एका घरात दोघं, म्हणून संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना या कुटुंबाचं रक्त हवं होतं.

नळीला बूच लावता लावता सिस्टरनं विचारून टाकलं, मला होईल का? बाईंनी उगाच धीर दिला नाही. त्या म्हणाल्या, या आजाराची जी जनुकं ठाऊक आहेत, ती बहुतेक दुसऱ्याच मुलखांतल्या लोकांच्या रक्तात सापडलेली. जनुकातला एक बदल काही समाजांत कितीतरी रुग्णांमध्ये दिसतो, आपल्याकडे तोच शोधूनही फारसा मिळत नाही. शिवाय तो असला तरी आजार होतोच असं नाही.

"आपल्याकडचं रक्त अजून पुरेसं कुणी पाहिलेलंच नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. या आजारात कधीकधी हात थरथरायच्या कितीतरी आधी वास येईनासा होतो, हे तिला माहीत होतं. त्यामुळे उठल्या उठल्या ती साबण हुंगायची, मग चहाची पूड, मग नवऱ्याचा शर्ट. शर्ट धुवायला झालाय हे मी नुसतं बघूनही सांगितलं असतं, असं नवरा म्हणाला. ती हसली. तो वळताच हात पुढे करून आपली बोटं बघत राहिली.

या तपासणीसाठी तिला भावाचंही रक्त हवं होतं. दादा खिडक्यांना काचा बसवायचा. ती दुकानात गेली तेव्हा त्यानं मान वर केली नाही. बाबांचं घेतलंस ना, मग झालं, म्हणाला. ती हट्टाला पेटली. तू घाबरतोस, असंही बोलून गेली.

"कळून काय करू?" तो म्हणाला. "मुळापासून बरं करणारं औषध आहे का?"

तसं औषध नव्हतं. ती आली तशी परतली, आणि बहीणभावाचं बोलणं थांबलं.

पुढे निकाल आला. वडिलांच्या रक्तात ठाऊक असलेल्यांपैकी एकही बदल नव्हता. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून ती भर दुपारी रडली, सुटल्यासारखी. पण बाईंनी लगेच बजावलं, आम्हाला ओळखता येतं असं काही सापडलं नाही, एवढाच याचा अर्थ. न ओळखता येणारं असूही शकेल. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वडिलांनी हे फोनवर दादाच्या कानावर घातलं असावं. एका सकाळी ऐन गर्दीत तो येऊन तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला आणि बाही वर सारली.

"घे."

"आता कसा आलास?"

"माझं मला कळलंय. काच सरळ कापली जात नाही, वर्ष होत आलं." त्याचा आवाज खाली गेला. "माझं राहू दे. पण उद्या माझी पोरगी विचारेल, मला होईल का? तिला तरी कुणी धड उत्तर देऊ दे."

कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कोणती औषधं, कितीतरी गोष्टी तिच्या ओठांवर आल्या. तिनं त्या गिळल्या आणि रबरी पट्टी आवळली. शीर पहिल्याच टोचण्यात मिळाली. नळी भरेपर्यंत दोघंही त्या नळीकडेच बघत होते.

कापूस लावून झाल्यावर त्यानं बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावायला घेतलं. ते काजात जाईना. बोटं तिथंच घुटमळत राहिली. मागे रांग वाढली होती. रांगेतली पुढची बाई हातातली चिठ्ठी दाखवत पुढे सरसावली. सिस्टरचे हात आपोआप दादाच्या मनगटाकडे गेले. तिनं ते मागे घेतले, मांडीवर ठेवले.

"जरा थांबा," ती त्या बाईला म्हणाली, "यांचं व्हायचंय अजून."