कुंपणापलीकडचा मोहर

फेब्रुवारीतल्या वादळात ओनोरीनच्या नासपतीनं अंग टाकलं. घराच्या दुप्पट उंचीचं ते झाड कलंडलं, कुंपणाच्या झुडपांवरून पलीकडे गेलं, आणि त्याचा सगळा माथा अल्सीदच्या शेतात जाऊन पडला.

पडायचं तर पडायचं, पण नेमकं तिकडे! अल्सीद म्हणजे तिचा धाकटा दीर. तिचा नवरा वारल्यावर वर्षाच्या आत त्यानं आपल्या वाट्याची नासपतीची झाडं उपटली आणि मका लावला. तेव्हा ओनोरीननं चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत त्याला सुनावलं होतं, "भावजी, वाडवडिलांच्या माना कापल्यात तुम्ही." तेव्हापासून बोलणं बंद. त्याचा ट्रॅक्टर समोरून आला की ती गाईंकडे बघायला लागे.

आता पाववाल्या बाईकडून त्याचा निरोप आला : पेरणीच्या आत झाड उचला, नाहीतर मी करवत लावतो.

"लाव म्हणावं," ओनोरीन फणकारली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दोंफ्राँच्या त्या मुलखात नासपतीचा मोहर म्हणजे आभाळातली वस्तू. जन्मभर मान वर करून बघायचा. हाती लागायचं ते शरदात खाली पडलेलं फळ, आणि तेही चावलं तर तोंड आवळून येणारं. पिळून, आंबवून त्याची पोआरे नावाची दारू करायची, फेसाळ आणि हलकी, तेव्हा कुठे ते गोड वागे.

एप्रिलातल्या एका सकाळी ओनोरीन दूध काढून बाहेर आली तर कुंपणापलीकडे धुकं जमिनीला चिकटून बसलेलं. ऊन वर आलं तरी ते हलेना. जवळ गेली, तेव्हा कळलं. अर्धी मुळं अजून मातीत होती, तेवढ्या बळावर झाड पडल्या जागीच फुललं होतं.

ती वाकून आत शिरली. खाली फुलं, डोक्यावर फुलं, अंगाला घासणारी फुलं. जिथे आजवर फक्त पाखरं पोचली होती, तिथे ती लाकडी बुटांनी चालत होती. मधमाश्यांची गुणगुण सगळीकडून येत होती, जणू लांबच्या चर्चमध्ये कुणी हलक्या आवाजात गातंय. एका जाड फांदीला टेकून ती बसली. गाईंची आठवण झाली, चुलीवरच्या दुधाची झाली, आणि मग कशाचीच झाली नाही.

"वहिनी! घरात पलंग नाही का?"

डोळे उघडले तर पानांच्या फटीत अल्सीद, हातात यांत्रिक करवत.

"हळू बोला भावजी. माश्या कामात आहेत."

"मीपण कामाला आलोय. बाहेर या, फांद्या तोडायच्यात."

"मग तोडा की. मी कुठे धरलंय तुम्हाला?"

तो खाली वाकला. टोपी काट्याला अडकून पडली. ती उचलायला गुडघ्यावर आला आणि तसाच राहिला. नाकासमोर एक झुबका होता. पांढऱ्या पाकळ्या, आत जांभळट टिकल्या.

"टिकल्या असतात होय यांच्यात," तो म्हणाला. "साठ वर्षांत कधी दिसल्या नाहीत."

"दिसणार कशा? झाडं उपटायच्या आधी शिडी लावून बघायचं होतं."

"टोमणा मारला नाही तर तुमचं दूध नासतं का वहिनी?"

ती हसली. त्यालाही हसू आलं, आणि करवत बाजूला ठेवून तोही फांदीला टेकून बसला. त्याच्या खांद्यांवर पाकळ्या साचत गेल्या. त्यानं त्या झटकल्या नाहीत.

"दादा असता तर इथेच जेवण मागवलं असतं," शेवटी तो म्हणाला.

"आणि खाली सांडलंही असतं."

मका त्या साली झाडाला वळसा घालून पेरला गेला. शेजारीपाजारी हसले, तर अल्सीद म्हणाला, "आजारी माणसाला उठवतात का कुणी?"

ऑक्टोबरात फळं गवतात अलगद उतरली. दोघांनी ती पाटीपाटीनं गोळा केली, अल्सीदच्या कोठारातला जुना घाणा धुतला आणि रस पिंपात भरला. पुढच्या वसंतात पहिली बाटली उघडली, तेव्हा अल्सीदनं घोट घेऊन नाक मुरडलं.

"आंबट आहे."

"द्या मग माझ्याकडे."

"द्या कशाला? आंबट आहे म्हटलं, वाईट आहे कुठे म्हटलं?" असं म्हणत त्यानं पेला पुन्हा भरायला पुढे केला.