बीरानकुट्टीचा निळा सदरा

आमच्या वॉर्डात मतं मागायला जा, रस्त्याचं, नळाचं कुणी विचारत नाही. ब्राझील की अर्जेंटिना, एवढंच विचारतात. ओढ्याच्या अलीकडे सगळे अर्जेंटिनावाले, पलीकडे ब्राझीलवाले. त्यात यंदा पंचायतीची पोटनिवडणूक नेमकी फुटबॉलच्या वर्ल्डकपात आली.

उमेदवार कोण, तर आमचे हे, बीरानकुट्टी. हा माणूस जन्माचा ब्राझीलवाला. निकाहाला बसला तोसुद्धा खिशात पिवळा रुमाल ठेवून. पण ओढ्याच्या अलीकडे घरं जास्त, म्हणजे मतंही जास्त. पक्षाचे मोइदूहाजी आले, माझ्या हातचा चहा प्याले आणि अर्जेंटिनाचा निळा-पांढरा सदरा यांच्या पुढ्यात टाकून गेले. यांनी तो घातला आणि खाजकुयली लागल्यासारखे घरभर फिरले. मी आपलं म्हटलं, शोभतोय की! झालं, दोन दिवस माझ्याशी अबोला.

बातमी ओढा ओलांडायला कितीसा वेळ लागणार? पलीकडच्यांनी ओढ्यात ब्राझीलच्या खेळाडूचा ताडाएवढा पुतळा उभा केला होता. त्याच्या पायाशी फलक लागला, गद्दाराला मत नाही. इकडे विरोधी उमेदवाराच्या अंगातही तसलाच निळा सदरा, म्हणजे अलीकडची मतं निम्मी त्याची. तेलही गेलं, तूपही गेलं. बीरानकुट्टींना जेवण जाईना. मेला तो सदरा चुलीत घालावा असं मला शंभरदा वाटलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी ब्राझील पेनल्टीवर हरला. अलीकडच्यांनी रिवाजाप्रमाणे केळीच्या खुंटाची तिरडी बांधली, त्यावर पिवळं कापड घातलं आणि ब्राझीलची प्रेतयात्रा काढली. पुढचा खांदा आमच्या उमेदवाराचा! ओढ्याच्या काठाशी आल्यावर यांना राहवेना. तिरडी खांद्यावर तशीच, आणि हा बाप्या धाय मोकलून रडायला लागला.

अलीकडचे पोट धरून हसले. काय नक्कल करतो गडी, असलाच माणूस पंचायतीत हवा, म्हणाले. पलीकडच्या काठावर मात्र कुणी हसलं नाही. असलं रडू नकलेत येत नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक, कारण तेही तसेच रडत होते. कुणीतरी मुकाट्यानं पाण्यात उतरलं आणि फलक काढून नेला.

दोन्ही काठांनी भरभरून मतं दिली. गळ्यात हार, दारात फटाके, मोइदूहाजींचं तोंड पेढ्यानं भरलेलं. मी सरबत घेऊन गेले तर हे कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले.

"नफीसा," मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ही खुर्ची परत देतो म्हटलं, तर ती पेनल्टी पुन्हा मारू देतील का गं?"