एक माणूस जास्त

प्रत्येक सीटवर तळहात टेकवत ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि दुसऱ्या बाजूने तशीच हात टेकवत पुढे आली. अडुसष्ट जागा, अडुसष्ट वेळा हात. डाव्या मुठीतल्या मोजणीच्या यंत्राचं बटण तिने एकदाही दाबलं नाही.

कॉकपिटच्या दारातून कॅप्टनने मान बाहेर काढली.

"किती, बाई?"

"शून्य अधिक शून्य."

"नक्की ना? हवं तर पुन्हा मोजून या. एखादं शून्य सुटलं असेल."

तो हसला, म्हणून तीही हसली. कागदावर पहिल्या रकान्यात मोठी माणसं आणि दुसऱ्यात मांडीवरची मुलं लिहायची असतात. तिने दोन्हीकडे शून्य लिहून सही केली. विमान रिकामं असलं तरी माणसं मोजल्याशिवाय दार लावायचं नाही, असा नियम आहे. नियम करणाऱ्याने रिकाम्या विमानाचा विचार केला नसेल, पण गेले पाच महिने ती दर गुरुवारी रिकामं विमानच मोजत होती.

प्रवासबंदी उठून सहा महिने होत आले होते. विमानं उडायला लागली, माणसं मात्र परतली नाहीत. बेटावरच्या गावाला जाणारं हे विमान कंपनी रिकामंच पाठवायची, कारण मोठ्या विमानतळावर उतरण्याची ठरलेली वेळ वापरली नाही तर ती दुसऱ्या कंपनीला जाते. नोकरीवर कुऱ्हाड पडलेल्या माणसांना हे समजावून सांगणं कठीण होतं. आता कंपनीने तो नादही सोडला होता. एक्केचाळीस विमानांपैकी सतरा ठेवायची होती. कर्मचाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर मार्गांचा मोठा नकाशा होता आणि त्यावरच्या रेघा कुणीतरी दर सोमवारी येऊन खोडत असे. बेटाची रेघ या सोमवारी खोडली गेली. आजची फेरी शेवटची.

धावपट्टीकडे जाताना डाव्या हाताला मालकांना परत करायची भाड्याची विमानं एकाला एक लागून उभी होती. इंजिनांची तोंडं चंदेरी कापडाने बांधलेली, खिडक्यांवर आतून कागद. त्यांतल्या निम्म्यांत तिने चहा वाटला होता. ती तिकडे पाहायचं टाळायची, पण दुसरीकडे पाहायलाही काही नसायचं.

विमान वर चढलं तसे रिकाम्या सीटवरचे पट्टे हादऱ्यांनी किणकिणू लागले. कधी पुढे, कधी मागे. विमान उतरल्यावर माणसं उठायची घाई करतात तेव्हा होतो तोच आवाज. पहिल्या गुरुवारी ती दचकून उठली होती आणि "कृपया बसून राहा" असं रिकाम्या विमानाला सांगून मोकळी झाली होती. आता सवय झाली होती असं ती इतरांना सांगायची. पण शेवटून दुसऱ्या रांगेतला पट्टा वाजला की ती अजून मान वळवून पाहायची.

त्या रांगेत एकदा एक गृहस्थ बसला होता.

तो बंदीच्या आदल्या तासाचा प्रसंग होता. बेटावरून शेवटचं विमान निघणार होतं. चार वाजता धावपट्टी बंद होणार होती, बोटी सकाळीच थांबल्या होत्या. परवानगी साठ माणसांची होती, मांडीवरची मुलं वेगळी. बेटावरच्या विमानतळाचा कारभार एकटा माणूस पाहायचा. तिकिटं तपासणं, सामान तोलणं, धावपट्टीवरची कुत्री हाकलणं, सगळं तोच करी आणि सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांच्या यादीत साठ माणसं आणि दोन मुलं होती. तिच्या यंत्रावर एकसष्ट आणि एक आली.

"माझे साठ बरोबर आहेत, ताई," मास्तर दारातून म्हणाले होते.

"मी दोनदा मोजलेत," ती म्हणाली होती. यादी आणि मोजणी जुळली नाही की मोजणी खरी धरतात. चारला तेरा मिनिटं कमी होती. उशीर झाला असता तर सगळेच अडकले असते.

कुणी स्वतःहून उतरेल का, असं तिने विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग तिने निवड केली. एकटा होता, वर सामान नव्हतं, अंगावर निळा स्वेटर होता, आणि हा भांडणार नाही असं त्याच्या बसण्यावरूनच वाटत होतं. ती त्याच्या खांद्याशी वाकली आणि त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता बोलली. मुद्दामच पाहिलं नाही. तो उठला, खिशातली पिशवी चाचपली आणि निघून गेला. जिना उतरतानाचा स्वेटर आणि डोक्यामागचं विरळ झालेलं वर्तुळ, एवढंच तिने पाहिलं.

दुसऱ्या टोकाला प्रवासी उतरताना सवयीने तिचा अंगठा बटणावर चालत राहिला. एकोणसाठ माणसं उतरली आणि दोन मुलं. दुसरं मूल शालीत गुंडाळलेलं होतं. त्या गृहस्थाच्या पुढच्या रांगेतल्या बाईने मोजणीच्या वेळी त्याला शेजारच्या मोकळ्या सीटवर निजवलं होतं. नुसती शाल वर आलेली दिसली आणि हिने मोठं माणूस समजून बटण दाबलं. दोन्ही वेळा.

म्हणजे विमानात जास्त माणूस नव्हताच.

तिकडे कुणी काही विचारलं नाही. कागदावर साठ अधिक एक असंच राहिलं, आणि अकरा महिने बेटावर ना विमान गेलं ना बोट. तिने हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. रात्रीच्या जेवणाला घरात चारच माणसं असायची, तरी ताटं मांडताना ती दोनदा मोजायची. तिची लेक थट्टा करायची, "आई, आम्ही कुठे पळून जात नाही."

विमानं सुरू झाली तेव्हा तिने हा मार्ग मागून घेतला. यात भत्ता नव्हता, मुक्काम नव्हता. कुणी वेड्यात काढलं, कुणी बेटावर हिचं काहीतरी आहे म्हणून हसलं. काहीतरी होतंच. तिला तो माणूस शोधून त्याला सांगायचं होतं. काय सांगायचं ते वाक्यसुद्धा तिने घोटून ठेवलं होतं: चूक माझी होती, जास्त कुणीच नव्हतं, तुम्हाला उतरवायला नको होतं. दर गुरुवारी खाली चाळीस मिनिटं मिळायची आणि दर गुरुवारी ती मास्तरांना विचारायची, त्या दिवशी उतरलेल्या गृहस्थांचा काही पत्ता? मास्तर म्हणायचे, यादी मुख्य कार्यालयात गेली, बघतो, शोधतो. तोवर ती सामानवाल्याला चहा ओतून द्यायची. बिनसाखरेचा, पूर्ण कप.

या सामानवाल्याला तिथे सगळे पाहुणे म्हणत. बंदीनंतर मास्तरांनी ठेवलेला रोजंदारीचा माणूस. विमानाला हात दाखवून उभं करायचं, चाकांना ठोकळे लावायचे, सामान असलं तर उतरवायचं. कानांवर मोठी झाकणं, तोंडावर रुमाल. बोलणं बेताचं. कप मात्र स्वतः विसळून परत द्यायचा.

आजही त्यानेच दोन्ही हात उंचावून विमान उभं करवलं. दार उघडल्यावर तिने त्याला चहा दिला आणि ती थेट मास्तरांच्या खोलीत गेली.

खोली उपसून ठेवल्यासारखी होती. कपाटं उघडी, वजनकाटा पोत्यात बांधलेला. मास्तर जमिनीवर बसून फायलींना दोरी गुंडाळत होते.

"बसा, ताई. खुर्च्या नेल्या सकाळी. त्या खोक्यावर बसा, भक्कम आहे."

"तुमचं काय ठरलं?"

"आमचं काय ठरायचं! धाकट्या भावाचं दुकान आहे. आयुष्यभर लोकांच्या बॅगा तोलल्या, आता खिळे तोलीन."

ती हसली नाही. खोक्यावर बसली आणि म्हणाली, "मास्तर, आज शेवटचं विचारते. पुढच्या गुरुवारी मी येणार नाही."

मास्तरांनी दोरीची गाठ मारली, मग ती सोडून पुन्हा मारली.

"त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं," ते म्हणाले.

"कुणी?"

"ताई, त्यांना पाहुणे का म्हणतात ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत. एका दिवसाच्या कामापुरता बेटावर आला होता माणूस. एका दिवसाचा पाहुणा." त्यांनी खिडकीकडे मान केली. बाहेर सामानवाला विमानाच्या सावलीत उकिडवा बसून चहा पीत होता. रुमाल गळ्याशी ओढलेला होता.

ती खोक्यावरून उठून खिडकीशी गेली.

"त्यांची बायको आजारी होती तिकडे. बंदीच्या तिसऱ्या महिन्यात गेली. फोनवरच कळलं. मूलबाळ नाही. विमानं सुरू झाल्यावर म्हटलं, जा आता. तर म्हणाले, कुणासाठी? मग मीच कामाला लावून घेतलं." मास्तरांनी फाईल ढिगावर ठेवली. "तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा ते दारातच होते. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, सांगू नका. बाईने मायेने चहा दिला, कळलं तर ओशाळी होईल."

"आणि तुम्ही पाच महिने..."

"मी काय करणार! दोघंही माझ्यासमोर उभे." त्यांनी दोरीचं उरलेलं टोक तोडलं. "त्या दिवशी माझी यादी बरोबर होती की तुमची मोजणी, ते मी विचारणार नाही. विचारायचंच होतं तर तेव्हाच, दारात अडून बसायला हवं होतं. मीही नाही बसलो."

ती बाहेर आली. खोलीपासून विमानापर्यंत साठेक पावलं होती. तिला ती संपू नयेत असंही वाटत होतं आणि धावत सुटावंसंही वाटत होतं. तिला पाहून तो उठून उभा राहिला. तिच्यामागे मास्तर दारात थांबलेले दिसताच त्याला कळलं असावं, कारण त्याने हळूच रुमाल तोंडावर ओढला, आणि मग पुन्हा खाली केला.

पहिल्यांदाच तिने तो चेहरा पाहिला. साधा चेहरा होता. शाळेच्या कचेरीत, बँकेच्या रांगेत दिसतो तसा.

"आज सगळ्या जागा मोकळ्या आहेत," ती म्हणाली. हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. "चला तुम्ही. मी कॅप्टनना सांगते."

"आता कुणाकडे जाऊ, ताई?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "इथे धक्क्यावर काम मिळालंय. बोट येते आठवड्यातून दोनदा. बरं चाललंय."

"मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या दिवशीचं."

"मलाही एक विचारायचं होतं. तेवढ्यासाठी अनेकदा तोंड उघडलं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "आधी विचारू?"

"विचारा."

"माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होती. शालीत पोर होतं तिच्याजवळ, अगदी एवढंसं. आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही मला उठवलंत तेव्हा राग आला होता. खोटं कशाला बोलू! जिना उतरताना मनात म्हटलं, माझ्यावरच का हे! मग वळून पाहिलं तर खिडकीत ती बाई दिसली. म्हटलं, एक माणूस जास्त झालंय, कुणाला तरी उतरावंच लागणार. मी अडून बसलो असतो तर हिलाच उतरवलं असतं. त्या पोराचं काय झालं असतं इथे? दूध मिळत नव्हतं पुढे पुढे." त्याने कपात पाहिलं. "बायको गेल्याचा फोन आला ना, तेव्हा तेवढंच धरून बसलो. वेडच लागलं असतं नाहीतर. म्हटलं, आपलं माणूस गेलं, पण एक पोर आपल्या माणसांत पोचलं. आपल्यामुळे पोचलं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "पोचलं ना हो ते?"

वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. दीड वर्ष घोटलेलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते बोलून टाकलं असतं तर आज घरी जाऊन ताटं एकदाच मोजून मांडता आली असती. कॅप्टनने वरून काच वाजवली. निघायची वेळ झाली होती.

"पोचलं," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी स्वतः पाहिलं. बाप न्यायला आला होता. त्याने हात पुढे केले आणि ते झेपावलंच त्याच्याकडे."

त्या दिवशी तिकडच्या विमानतळावर कुणालाही न्यायला यायची परवानगी नव्हती. ही गोष्ट त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"बाप आला होता," तो स्वतःशीच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि तो हसला. नळाशी जाऊन त्याने कप विसळला, तिच्या हातात दिला. "तुम्ही काही सांगणार होतात."

"नाही," ती म्हणाली. "हेच."

"मग झालं तर." त्याने कानांवर झाकणं चढवली आणि तो चाकांपुढचे ठोकळे काढायला वाकला.