धाकटीचं मत आधी

ज्ञानदाला बोलायची भीती नव्हती, भीती होती ती सगळ्यांच्या आधी बोलायची. नागपूरच्या घरी थोरल्यांचं बोलून झालं की धाकट्यांनी मान डोलवायची, एवढीच तिची तालीम. आणि इथे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतल्या युनिव्हर्सिटीत, कॉपीच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या चार सदस्यांत चोवीस वर्षांची पीएचडीची विद्यार्थिनी ज्ञानदा सगळ्यांत लहान! अध्यक्ष होत्या मिरियम रोझेन, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त न्यायाधीश. त्या स्वतः मत देत नसत, पण मत द्यायला सुरुवात सगळ्यांत धाकट्याने करायची, हा त्यांचा नियम.

"आमच्या जुन्या ज्यू न्यायसभेत जिवावरच्या खटल्यात असंच करत," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "थोरला आधी बोलला की धाकट्याचं तोंड बंद. अमेरिकेच्या जुन्या लष्करी न्यायालयातही कनिष्ठ अधिकारी आधी मत देई. आणि आमच्या त्या ज्यू न्यायसभेत सगळ्यांनी एकमुखाने दोषी म्हटलं, तर आरोपीला सोडून देत. म्हणजे त्याची बाजू कुणी बघितलीच नाही, असं धरत."

समितीत गणिताचे प्राध्यापक पुरुषोत्तम काकाही होते. अमेरिकेत आल्यावर पहिले तीन आठवडे ज्ञानदा त्यांच्याच घरी राहिली होती, काकूंच्या हातचं जेवली होती. त्यामुळे कॉलिन नावाच्या विद्यार्थ्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने त्यांना फोन केला, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. मोठ्यांना विचारून करावं, इतकंच.

"काका, उद्याची केस वाचलीत? मला थोडं कन्फ्यूजन आहे."

"कसलं कन्फ्यूजन? दोन मुलांचे लॅब रिपोर्ट आणि दोन्हीत सेम चूक. क्लिअर कॉपी आहे गं. उगाच ओव्हरथिंक नको करूस."

झालं. मुलीने विचार करणंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी कॉलिन समोर येऊन बसला. एकोणीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दोषी ठरला तर त्याला युनिव्हर्सिटीतून काढणार होते. "मी कॉपी केली नाही," तो म्हणाला. "आकडा सारखा का आला, ते मला खरंच माहीत नाही." मग त्याला बाहेर बसवलं.

"दोषी," ज्ञानदा म्हणाली. "दोन्हीत सेम चूक. क्लिअर कॉपी."

पुढच्या दोघांनी माना डोलवल्या. शेवटी काका. "दोषी. दोन्हीत सेम चूक. क्लिअर कॉपी."

मिरियमबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चारही जण दोषी म्हणता? आणि त्यातले दोघे शब्दन् शब्द सारखे. त्या मुलावर तक्रार तरी दुसरी काय आहे?"

ज्ञानदाची कानशिलं तापली. काका टेबलाकडे बघत होते. तिने तोंड उघडलं तर ज्या माणसाने तिला घर दिलं, त्याची चारचौघांत शोभा होणार. गप्प बसली तर बाहेरचा पोरगा जाणार. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर भीड हिची आणि भीक कॉलिनच्या पदरी! तिला स्वतःचाच संताप आला, आणि त्या संतापाने तिचा आवाज एकदम स्वच्छ झाला.

"ते मत माझं नव्हतं," ती म्हणाली. "मी काल काकांना फोन करून विचारलं. चूक माझी आहे. माझं मत, निर्दोष."

"कारण?"

"दोन्ही रिपोर्टवर वजनकाटा नंबर सहा लिहिलाय. मी दुसऱ्या वर्गाला त्याच लॅबमध्ये शिकवते. तो काटा जास्त वजन दाखवतो अशी मला शंका आहे. एकाच बिघडलेल्या काट्यावर दोघांनी वजन केलं, तर चूक सारखीच येणार. बाकीची मांडणी बघा, दोघांची पूर्ण वेगळी आहे. मला हे काल वाचतानाच दिसलं होतं."

मिरियमबाईंनी लॅबमधून काटा मागवला. सगळ्यांसमोर त्यावर शंभर ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवलं. काट्याने शंभर पॉइंट तीन दाखवले. परत ठेवलं, परत तेवढेच. कॉलिनच्या रिपोर्टमध्ये नेमकी तेवढीच चूक होती.

"सुनावणीआधी आपसांत बोलून तुम्ही दोघांनी नियम मोडलात, ते मी नोंदवणार आहे," मिरियमबाई म्हणाल्या. "आता मत पुन्हा पहिल्यापासून."

"निर्दोष," ज्ञानदा म्हणाली. या वेळी ती कुणाकडेही बघत नव्हती. पुढचे दोघेही निर्दोष म्हणाले. काकांनी काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"निर्दोष," ते म्हणाले. "आणि हे मत माझं नाही, मी ज्ञानदाकडून घेतलंय. तेही लिहून घ्या."