जावेचा गुडघा

माझा गुडघा झिजला तेव्हा रजा मिळाली, कारण चादरींची गाडी ढकलता ढकलता मी सगळ्यांसमोर मटकन खाली बसले. हॉटेलच्या लाँड्रीत मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी पंधरा वर्षं राबतोय. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला चालत्या पट्ट्यावर चालवलं, कॅमेऱ्याने पावलं मोजली आणि सांगितलं, "चवडे पाच अंश आत वळवून चाला. गुडघ्यावरचा भार हलका होईल." चार महिन्यांत मी जिना चढायला लागले!

मग जावेचा गुडघा कुरकुरायला लागला. तिनं रजा मागितली, तर आमचा सुपरवायझर, ज्याला आम्ही मागून घड्याळराव म्हणतो, काय म्हणाला असेल? "एकाच घरच्या ना तुम्ही? मग हिचं बघून चाल. रजा कशाला?" अरे गाढवा, जावा आहोत आम्ही! एका घरात नांदायला आलो म्हणून काय हाडं एक झाली?

हे आत्ता सुचतंय. तेव्हा मलाही ते पटलं. इस्त्रीच्या टेबलापासून वाळवणाच्या मशीनपर्यंत मी खडूने तिरक्या रेघा मारल्या आणि रोज जेवणाच्या सुट्टीत तिला त्यावरून चालवलं. चवडा जरा बाहेर गेला की मी ओरडायचे, "आत! आत घे!" ती बिचारी घाम पुसत पुन्हा पहिल्यापासून चालायची.

पाच महिन्यांनी तिला पाय टेकवेना. मग मी कुणाला विचारत बसले नाही, सरळ तिला घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी तिलाही पट्ट्यावर चालवलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, यांना चवडे बाहेर वळवायला हवे होते. प्रत्येकाचं माप वेगळं असतं. आत वळवून उलट भार वाढला. कुणी शिकवलं हे?"

"मीच," जाऊ पटकन म्हणाली. "माझ्याच मनानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पडल्या पडल्या मी घड्याळरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एका दिवसाची रजा वाचवायला मेल्यानं हिचा पाय घालवला! ती भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत होती. तिचे ते हाल बघून मी तिच्यावरच घसरले, "आणि तुझं काय गं? इतकं दुखत होतं तर तोंड शिवलं होतं का?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, नाटकं करू नकोस."